हत्यारातला हात

दसरा जवळ आला की बीड, अहिल्यानगर, धाराशिव भागातल्या आठवडी बाजारांच्या कडेला घिसाड्यांच्या भट्ट्या पेटतात. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात कोळसा, शेजारी हाताने फिरवायचा पंखा आणि ओंडक्यात ठोकलेली ऐरण. पंख्याच्या जागी पूर्वी चामड्याचा भाता असायचा. एवढ्या सामानावर यांचा कारखाना उभा राहतो. भंगारातून आणलेला ट्रकच्या पाट्याचा तुकडा निखाऱ्यांत जातो. आधी काळपट, मग गाजरासारखा लाल, मग पिवळसर. पुरुष तो सांडशीत धरून ऐरणीवर ठेवतो. समोर पदर खोचून उभी असलेली बाई दोन्ही हातांनी घण उचलते. घाव पडतो, पुरुष पातं किंचित फिरवतो, पुन्हा घाव. दोघं बोलत नाहीत. कुठे मारायचं ते सांडशीच सांगते. पातं आकाराला आलं की त्याला पाणी देतात. बादलीत चर्र आवाज होतो, वाफ उठते आणि ट्रकचं ओझं वाहिलेल्या पोलादाचा कोयता होतो.

हा कोयता दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाणार. पुढचे पाच-सहा महिने तो ऊस बुडख्यात तोडणार, वाढं छाटणार, पाचट सोलणार. तोच कोयता एखाद्या शहरात, रात्री, दुचाकीवर मागे बसलेल्या पोराच्या हातातही दिसू शकतो. पोलाद तेच, धार तीच, मूठही तीच. घिसाड्याच्या भट्टीपाशी उभं राहिलं की एक प्रश्न मनातून जात नाही. अवजाराचं शस्त्र नेमकं कधी होतं? आणि ते झालं, हे ठरवतं कोण?

शब्दाच्या पोटात

आपल्या भाषेने या प्रश्नाचं थोडं उत्तर आधीच देऊन ठेवलं आहे. मराठीत सुताराची हत्यारं असतात, न्हाव्याची हत्यारं असतात, शिपायाचीही हत्यारंच असतात. एकाच शब्दात करवत बसते आणि तलवारही. ‘हत्यार’ हा शब्द ऐकताना ‘हत्या’ आठवते खरी, पण हे नातं फक्त कानाला वाटतं. शब्दाचं मूळ ‘हात’ आहे. हातात धरायची ती वस्तू म्हणजे हत्यार. पुढे काय करायचं, ते हाताने ठरवायचं.

पुराणांनीही हे दोन्ही अर्थ एकाच देवाच्या खांद्यावर ठेवले. बलरामाची आयुधं नांगर आणि मुसळ. एक शेतातलं, एक उखळापाशीचं. त्याची नावंच हलायुध, हलधर, मुसळी. या नांगराने त्याने यमुना ओढून आणली आणि हस्तिनापूर उलथवायला घेतलं, अशा कथा आहेत. पण कुरुक्षेत्रावर अठरा अक्षौहिणी सैन्य उभं राहिलं, तेव्हा नांगर खांद्यावर घेतलेला हा देव युद्धात उतरला नाही, तीर्थयात्रेला निघून गेला. शेवटच्या दिवशी परतला, तो भीम आणि दुर्योधनाचं गदायुद्ध पाहायला. भीमाने नियम मोडून मांडीवर घाव घातला तेव्हा त्याने संतापून नांगर उचलला आणि कृष्णाने त्याला आवरलं. महाभारतात प्रत्येक शस्त्र चाललं, फक्त शेतकऱ्याचा नांगर उगारला गेला आणि खाली आला. ही कथा मनाशी ठेवून आता बऱ्याच लांबच्या एका शेतात जाऊ.

रात्स्वावित्सेचा काटकोन

पोलंडमधलं क्राकुव शहर, १७९४ सालचा मार्च महिना. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन शेजाऱ्यांनी १७७२ साली पोलंडचा पहिला लचका तोडला होता, १७९३ साली रशिया आणि प्रशियाने दुसरा. उरलेलं राज्य नावापुरतं होतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात किल्लेबंदीचा इंजिनियर म्हणून नाव कमावलेला तादेउश कोश्चुश्को मायदेशी परतला होता. २४ मार्चला क्राकुवच्या बाजारचौकात त्याने शपथ घेतली आणि उठाव सुरू झाला. सैन्य थोडं, बंदुका त्याहून थोड्या. मग त्याने तोवर कुणी विचारात न घेतलेल्या माणसांना हाक दिली. ही माणसं म्हणजे वेठबिगार शेतकरी.

त्यांच्या घरी बंदुका नव्हत्या, पण कोसा होता. कोसा म्हणजे काय, हे आपल्याकडे समजावून सांगावं लागतं. आपला विळा उकिडवं बसून चालवायचा. डाव्या मुठीत धाटं धरायची, उजव्या हाताने कापायची. युरोपातली लांबच लांब गवताळ कुरणं अशी बसून उरकत नाहीत. तिथे माणूस उभा राहतो, पुरुषभर उंचीचा दांडा दोन्ही हातांत धरतो आणि त्याच्या टोकाला काटकोनात बसवलेलं हातभर लांब, किंचित वाकडं पातं जमिनीलगत अर्धवर्तुळात फिरवतो. गवत एका बाजूला ओळीने आडवं पडतं. कोशाची सगळी करामत त्या काटकोनात आहे.

लढाईत मात्र तोच काटकोन आड येतो. पात्याचं टोक बाजूला पाहत असतं, समोर भोसकता येत नाही. फिरवायला जागा लागते, त्यामुळे खांद्याला खांदा लावून उभं राहता येत नाही. शेजारच्यालाच लागायचं. उपाय लोहाराकडे होता. पात्याची मुळी तापवायची, तिचा वाक सरळ करायचा आणि पातं दांड्याच्या रेषेत उभं करून लोखंडी कड्यांनी आणि रिव्हेटांनी पक्कं बसवायचं. भट्टीपाशी थोडा वेळ गेला की गवत कापायच्या अवजाराचा पुरुषभराहून उंच भाला तयार. तो भोसकायचाही आणि वरून छाटायचाही. आता माणसं रांगेत दाटीने उभी राहू शकत होती. क्राकुवच्या आसपास त्या वसंतात लोहारांनी हेच काम केलं. शेतकरी ज्या वस्तूला आयुष्यभर ओळखत होता, तीच वस्तू नव्वद अंशांतून फिरवून पुन्हा त्याच्या हातात दिली गेली.

४ एप्रिल १७९४. क्राकुवच्या ईशान्येला रात्स्वावित्से गावापाशी जनरल तॉर्मासॉवच्या रशियन सैन्याशी गाठ पडली. कोश्चुश्कोकडे सुमारे चार हजार शिपाई आणि सुमारे दोन हजार शेतकरी होते. ऐन वेळी त्याने निवडक तीनशेवर कोसाधाऱ्यांना रशियन तोफखान्यावर सोडलं. गोळा एकदा सुटला की तोफ पुसायची, दारू भरायची, गोळा ठासायचा, वात लावायची, यात वेळ जातो. शेतकरी तेवढ्या वेळात धावत पोहोचले. वोइचेख बार्तोस नावाच्या एका वेठबिगाराने पेटलेली वात आपल्या टोपीने विझवली आणि तोफेवर हात ठेवला, अशी आठवण पोलंडने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. बारा तोफा हाती लागल्या आणि लढाई जिंकली गेली. कोश्चुश्कोने शेतकऱ्यांच्या मानासाठी त्यांचा जाडाभरडा अंगरखा, सुक्माना, आपल्या अंगात घातला. बार्तोसला वेठीतून मुक्ती मिळाली, जमीन मिळाली, निशाणाचा हुद्दा मिळाला आणि नवं आडनाव मिळालं, ग्वोवात्स्की. शेतकऱ्यांच्या पलटणीच्या निशाणावर दोनच क्रियापदं होती. अर्थ असा की हे पोसतात आणि राखतात.

‘राखतात’ हा शब्द मराठी माणसाला लगेच कळतो. पिकाची राखण करणारा आपला राखणदार आणि कोश्चुश्कोच्या निशाणावरचा शेतकरी यांच्यात हा एक शब्द सामाईक आहे. दुसरा सामाईक शब्द आहे वेठ.

७ मे १७९४ रोजी पोवानियेत्सच्या छावणीतून कोश्चुश्कोने जाहीरनामा काढला. शेतकऱ्याला व्यक्ती म्हणून स्वातंत्र्य आणि वेठीत कपात. जे आठवड्याला पाच-सहा दिवस जमीनदाराच्या शेतावर फुकट राबत होते, त्यांचे दोन दिवस माफ. कागदावर हे मोठं पाऊल होतं, पण ज्यांनी ते अमलात आणायचं ते जमीनदारच होते. आणि वेळ फार थोडा उरला होता. ६ जूनला श्चेकोत्सिनीच्या लढाईत ग्वोवात्स्की जबर जखमी झाला आणि त्यातच गेला. मुक्त माणूस म्हणून तो जेमतेम दोन महिने जगला. १० ऑक्टोबरला माचेयोवित्सेच्या लढाईत कोश्चुश्को जखमी होऊन रशियनांच्या कैदेत पडला. पुढच्या वर्षी पोलंड नकाशावरून पुसला गेला. ऑस्ट्रियाच्या वाट्याला आलेल्या मुलखात वेठ १८४८ साली संपली, रशियाच्या वाट्याच्या मुलखात १८६४ साली. लोहाराने पातं काही मिनिटांत सरळ केलं होतं. शेतकऱ्याचा वाकलेला कणा सरळ व्हायला अर्धं शतक आणि वर आणखी काही वर्षं लागली.

तेच पातं, दुसरीकडे तोंड

रात्स्वावित्सेची गोष्ट इथेच संपवली तर ती फार गोड होते. पोलंडनेही ती बराच काळ इथपर्यंतच सांगितली. पण बावन्न वर्षांनी हेच कोसे पुन्हा बाहेर निघाले.

१८४६ चा फेब्रुवारी. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गॅलिशिया प्रांतात पोलिश सरदार-जमीनदारांनी स्वातंत्र्यासाठी पुन्हा उठावाची तयारी केली. शेतकरी आपल्या मागे येतील, अशी त्यांची आशा होती. तार्नुव शहराच्या आसपासचे शेतकरी आले, पण जमीनदारांच्याच वाड्यांवर. कोसे, कुऱ्हाडी, मळणीचे दांडके घेऊन. याकुब शेला हे त्यांतलं सर्वांत गाजलेलं नाव. थोड्याच दिवसांत सुमारे हजार माणसं मारली गेली आणि पाचशेच्या आसपास वाडे उद्ध्वस्त झाले. ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या रागाला वाट करून दिली आणि मग त्याच शेतकऱ्यांना शेतावर परत पाठवलं.

या हत्याकांडाचं समर्थन करता येत नाही. पण त्यामागचा हिशेब वाचता येतो. १७९४ चं वचन हवेत विरलं होतं आणि वेठ शिल्लक होती. शेतकऱ्याने देशासाठी कोसा उभा केला, तेव्हा देशाने त्याला गाणी दिली. पोटाचा प्रश्न तसाच राहिला. मग त्याच्या लेखी देश आणि जमीनदार यांत फरक उरला नाही. अवजाराला निष्ठा नसते. ज्याच्या हाती ते आहे, त्याला काय मिळालं आणि काय नाकारलं गेलं, त्यावर त्याचं तोंड कुणीकडे वळणार ते ठरतं.

पोलंडने आठवण मात्र रात्स्वावित्सेचीच मोठी केली. शतक पुरं झालं तेव्हा यान स्तिका आणि वोइचेख कोसाक या चित्रकारांनी सहकाऱ्यांसह ल्वुव शहरात पंधरा मीटर उंच आणि एकशे चौदा मीटर लांब असं वर्तुळाकार चित्र रंगवलं. प्रेक्षक मध्ये उभा, सभोवार लढाई. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, ते चित्र गुंडाळून व्रोत्स्वावला आलं. रशियन सैन्याचा पराभव दाखवणारं चित्र त्या काळात लोकांपुढे मांडणं अवघड होतं. ते खुलं व्हायला १९८५ उजाडलं. कोसा आकाशातही गेला. १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात जर्मन विमानांशी लढलेल्या पोलिश वैमानिकांच्या ३०३ क्रमांकाच्या तुकडीच्या बोधचिन्हावर एक लाल शेतकरी टोपी आणि दोन उभे कोसे एकमेकांना छेद देत होते.

त्याच काळात सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरियासारख्या भागात टाकलेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे भारतात पोहोचली. त्यांतली सुमारे पाच हजार माणसं, मुख्यत्वे बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिली. कोश्चुश्को ज्यांचा लोकनायक होता, ती मुलं उसाच्या मुलखात वाढली.

जशी शेती तसं शस्त्र

कोणत्या अवजाराचं शस्त्र होतं, हे त्या मुलखाची शेती ठरवते. पोलंडच्या शेजारी, आजच्या चेक प्रजासत्ताकात, पंधराव्या शतकात मळणीच्या दांडक्याने मोठमोठ्या सरदारांना जेरीस आणलं. यान हुस या धर्मसुधारकाला १४१५ साली जिवंत जाळलं आणि त्याचे अनुयायी उठले. त्यांचा सेनापती यान झिझ्का एका डोळ्याचा, पुढे पूर्ण आंधळा. त्याने शेतकऱ्यांच्या गाड्या एकमेकींना साखळीने जोडून फिरता किल्ला केला. गाडीवर उभ्या शेतकऱ्याच्या हातात धान्य झोडपायचं दुहेरी दांडकं होतं. लांब दांडा, त्याच्या टोकाला वादीने किंवा साखळीने जोडलेला आखूड दांडा. खळ्यावर लाकूड पुरतं. चिलखतासाठी त्यावर लोखंडी पट्ट्या आणि खिळे बसवले. गाडीच्या उंचीवरून तो आखूड दांडा गरगरत शिरस्त्राणावर आदळला की घोडेस्वार खाली. वर्षानुवर्षं मळणी केलेल्या हाताला तो फिरवायला नव्याने शिकावा लागला नाही. झिझ्का १४२४ मध्ये आजाराने गेला, तोवर त्याला कुणी हरवू शकलं नव्हतं.

आपल्याकडे मळणी बैलांच्या पायांखाली व्हायची, म्हणून ते दांडकं आपल्या इतिहासात नाही. आपल्याकडे जोंधळा आहे, आणि जोंधळ्याबरोबर गोफण. कणसात दूध भरलं की पाखरांचे थवे उतरतात. राखणदार माळ्यावर चढतो. सुताच्या किंवा अंबाडीच्या दोन दोऱ्या, मधे विणलेली ओंजळ. एका दोरीचा फास बोटात अडकवायचा, दुसरीचं टोक चिमटीत धरायचं, ओंजळीत गोटा ठेवून डोक्यावर दोन-तीन फेरे द्यायचे आणि नेमक्या क्षणी चिमूट सोडायची. फट्ट असा आवाज शिवारभर घुमतो आणि पाखरं उठतात. पाखरू मारणं हा हेतू नसतो, उठवणं हा असतो. पण हाच गोटा माणसाच्या कपाळावर बसला तर काय होतं, हे माळ्यावरच्या पोरालाही ठाऊक असतं. गडाच्या तटावरून चढत्या शत्रूवर गोफणगुंडे सुटले ते याच हातांतून. दारू नको, लोहार नको, परवाना नको. खाली ओढ्यात गोटे हवे तेवढे.

कोण ठरवतं?

परवान्याची गोष्ट निघाली आहे तर सत्तेकडे वळायला हवं. अवजार आणि शस्त्र यांच्यामधली रेघ सत्तेने वेळोवेळी आपल्या सोयीने ओढली आहे.

जपानमध्ये तोयोतोमी हिदेयोशीने १५८८ साली शेतकऱ्यांकडच्या तलवारी, भाले, बंदुका जमा करण्याचा हुकूम काढला. जमा झालेल्या लोखंडाचे खिळे-कड्या क्योतोच्या भव्य बुद्धमूर्तीच्या कामाला लागतील आणि शेतकऱ्यांना पुण्य मिळेल, असं त्यात समजावलं होतं. शेतकऱ्याने फक्त शेतीची अवजारं बाळगावीत, त्यातच त्याचं आणि लेकरांचं कल्याण आहे, असा उपदेशही होता. हिदेयोशी स्वतः सामान्य घरातून वर आलेला. शेतकऱ्याच्या हातात तलवार आली की काय होऊ शकतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? ओकिनावा बेटांवर तलवारी हिरावल्या गेल्यावर शेतकऱ्यांनी विळ्यातून आणि जोडदांडक्यातून युद्धकला घडवली, ही कथा जगभर लाडकी आहे. अभ्यासक तिच्यावर सहज विश्वास ठेवत नाहीत, कारण या कला जपणाऱ्यांत तिथला दरबारी वर्ग मोठा होता. तरी ती कथा टिकली. निःशस्त्र माणसाच्या हातात काहीतरी उरावं, असं सगळ्यांनाच वाटतं.

हिंदुस्थानात १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रकायदा आला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं गुन्हा ठरलं आणि युरोपियनांना त्यातून सूट होती. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्रकायदा केला. त्याच्या व्याख्येत एक वाक्य शेतकऱ्यासाठी आहे. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू, उदाहरणार्थ लाठी किंवा साधी हातकाठी, शस्त्रांत धरायच्या नाहीत. नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांवर बंधन आहे, पण तिथेही घर, शेती, विज्ञान आणि उद्योग यांसाठी बनवलेली पाती वगळली आहेत. म्हणजे कायदा पट्टी लावून मोजतो आणि शेवटी हेतू विचारतो. घिसाड्याचा कोयता मापात शस्त्र आहे, हेतूने अवजार.

पण हेतू दिसत नाही. गेल्या काही वर्षांत पुण्यात आणि आसपास कोयते नाचवत दहशत बसवणाऱ्या टोळ्यांची इतकी चर्चा झाली की ‘कोयता गँग’ हा शब्द वर्तमानपत्रांत रोजचा झाला. कोयता विकणाऱ्यांनी घेणाऱ्याची ओळख नोंदवून ठेवावी, इथपर्यंत गोष्टी आल्या. ज्यांच्या दुकानापुढे, ज्यांच्या घरापुढे तो कोयता नाचला त्यांची भीती खरी आहे. ती कमी लेखायची नाही. पण या शब्दाने आणखी एक गोष्ट केली. कोयता म्हटलं की आता शहरातल्या मुलाच्या डोळ्यांपुढे गुंड उभा राहतो, ऊसतोड करणारी बाई उभी राहत नाही.

वास्तविक ‘कोयता’ हे तिचंच नाव आहे. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, टोळीचा आकार सांगतात तो कोयत्यांत. दोन माणसं मिळून एक अवजार, अशी मोजणी दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल असं वाटत नाही. पहाटे अंधारात फडात शिरायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या आणि परत येऊन कोपीपुढे चूल पेटवायची. पाळीचे दिवस, बाळंतपण यांसाठी खाडा झाला तर पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण २०१९ साली राज्यापुढे आलं, चौकशी समिती नेमली गेली, आणि अशा बायकांची संख्या हजारांत निघाली. ज्यांच्या हातात कोयता होता, त्यांच्याच अंगावर शस्त्र चाललं होतं.

कागद आणि आसूड

मराठी शेतकऱ्याने हातातलं हत्यार कुणावर चालवावं, याचा एक मोठा धडा १८७५ मध्ये मिळतो. कर्ज आणि जप्त्यांनी पिचलेले शेतकरी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात उसळले आणि दंग्याचं लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेलं. प्रत्येकाच्या घरी कुऱ्हाड होती, विळा होता, खुरपं होतं. त्यांनी रोख धरला तो सावकाराच्या कागदांवर. गहाणखतं, रोखे, वह्या बाहेर काढल्या आणि जाळल्या. माणसांवरचे हल्ले त्या मानाने फार थोडे झाले. निरक्षर म्हणवल्या गेलेल्या त्या माणसांनी नीट ओळखलं होतं की आपल्यावर चाललेलं हत्यार कागदाचं आहे. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षणाचा कायदा आला.

काही वर्षांनी, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या दैन्यावरचं आपलं पुस्तक लिहून पुरं केलं. त्याला त्यांनी नाव दिलं ‘शेतकऱ्याचा असूड’. असूड म्हणजे बैल हाकायचा चाबूक, शेतकऱ्याच्या हातातलं रोजचं अवजार. फुल्यांनी तो सरकारी अधिकाऱ्यांवर, भिक्षुकशाहीवर, सावकारीवर शब्दांतून ओढला. जगात कितीतरी अवजारांची शस्त्रं झाली, पण एका अवजाराचं पुस्तक फुल्यांनीच केलं.

खाली ठेवलेला विळा

आता वेठीच्या शब्दाकडे परत येऊ. रात्स्वावित्सेनंतर दीडशे वर्षांनी, १९४५ साली, मुंबईपासून रेल्वेने काही तासांवर वेठ जिवंत होती. ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव-डहाणूच्या पट्ट्यात वारली आदिवासींच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या होत्या. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवरा-बायको जमीनदाराच्या घरी जन्मभर राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. मे महिन्यात, २३ तारखेला, झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. किसान सभेचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते.

पाऊस संपला आणि गवत कापणीचा हंगाम आला. या भागातलं गवत हा जमीनदारांचा मोठा धंदा होता. वारल्यांनी मागणी केली, पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. ती मान्य होईपर्यंत विळा उचलायचा नाही.

१० ऑक्टोबरच्या सुमारास आवई उठली की तलवाड्याला सभा आहे आणि गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे. हजारो वारली लाठ्या, कोयते घेऊन निघाले. वारल्याच्या कमरेला कोयता असतोच. लाकूड तोडायला, काटे बाजूला सारायला, वाट काढायला तो अंगाचाच भाग असतो. पण बघणाऱ्यांच्या डोळ्यांना तो सशस्त्र जमाव दिसला. गोळीबार झाला आणि पाच जण मारले गेले. जेठ्या गांगड हे त्यांतलं नाव आजही दर १० ऑक्टोबरला आदराने घेतलं जातं. कोश्चुश्को कैद झाला तीही तारीख १० ऑक्टोबर. हा योगायोगच, पण ही दोन शेतं शेजारी ठेवून पाहिली की तो विसरता येत नाही.

गोळीबारानंतर संप मोडेल असं वाटणाऱ्यांचा अंदाज चुकला. गवत उभंच राहिलं. ओल्या हिरव्या गवताला वाट पाहता येत नाही. ते वाळतं, पिवळं पडतं, भाव उतरतो. विळे पडवीत आढ्याला खोचलेले आणि माणसं घरी. अनेक जमीनदारांना दर मान्य करावा लागला आणि वेठीचं कंबरडं मोडलं. पोलंडच्या शेतकऱ्याने पातं सरळ केलं आणि एका दुपारी तोफा जिंकल्या. वारल्याने पातं जसंच्या तसं ठेवलं, फक्त हात काढून घेतला, आणि जे ग्वोवात्स्कीच्या गावाला मिळायला पिढ्या गेल्या त्याची सुरुवात एका हंगामात केली. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा लढा लिहून ठेवला.

ऊसतोड कामगारांनीही ही ताकद ओळखली. त्यांच्या संपाचं नावच ‘कोयता बंद’. कारखान्याची चाकं फिरायला ऊस हवा, उसाला कोयता हवा, कोयत्याला हात हवा. तो हात थांबला की मुकादमापासून साखर संघापर्यंत सगळ्यांना चर्चेला बसावं लागतं. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, ती या थांबलेल्या हातांच्या धाकाने. त्यात सगळे प्रश्न सुटले नाहीत. उचल आहे, मुकादमाची पकड आहे, फडातली कोपी आहे. पण आपण टणत्कार न करताही ऐकू येतो, हे कोयत्याला कळलं आहे.

बलरामाच्या नांगराची गोष्ट मला इथे उमगते. तो पळून गेला असं काही जण म्हणतात. मला वाटतं, ज्याच्या हातात पोसणारं आयुध आहे, त्याने ते कुठे चालवायचं नाही हे ठरवणं, हाच त्याचा पराक्रम होता.

भट्टीपाशी तयार झालेले कोयते खंडेनवमीला घरात मांडले जातात. खंडा म्हणजे तलवार, पण पाटावर तलवार नसते. नांगराचा फाळ असतो, कुऱ्हाड, विळा, खुरपं, पहार आणि नवा कोयता. बाई त्यांना पाणी दाखवते, हळदकुंकू लावते, झेंडूचं फूल ठेवते. त्या दिवशी या हत्यारांना काम सांगायचं नसतं. वर्षभर ज्यांनी पोसलं, त्यांच्यावरून हात उचलून ते जोडायचे असतात. दोन दिवसांनी गाडी येईल, मुकादम नावं पुकारेल, आणि पाटावरचा तो कोयता, ते दोघं नवरा-बायको, एकाच मोजणीत गाडीत चढतील.